आकड्यांतून रंगपट्टी: नाशिक जिल्ह्याचा उंचीचा आणि पावसाचा नकाशा

नाशिक जिल्ह्याचा उंचीचा डेटा क्यूजीआयएस या नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, यादीतली एखादी देखणी रंगपट्टी (कोणत्या आकड्याला कोणता रंग ते ठरवणारी) लावायची, आणि बघावं तर निफाड, येवला, सिन्नर, दिंडोरी सगळे तालुके एकाच रंगात बुडालेले. पहिल्यांदा नकाशा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला हे येतं. मग एकामागून एक रंगपट्ट्या बदलून पाहण्यात तास जातो. पण दोष रंगांचा नसतोच. सॉफ्टवेअरने सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा घेतला आणि मधलं अंतर सारखं वाटून टाकलं. जिल्ह्याची बहुतेक जमीन साधारण साडेचारशे ते सातशे मीटरच्या पट्ट्यात आहे. कळसूबाई १६४६ मीटर आणि साल्हेर १५६७ मीटर. या मूठभर शिखरांपायी अर्धे रंग वरच अडकून पडतात आणि जिथे माणसं राहतात, शेती करतात, त्या पठाराला दोन-तीन छटांवर भागवावं लागतं.

उपाय एकच: कोणत्या आकड्याच्या किती चौकटी (नकाशाचे छोटे चौरस, म्हणजे पिक्सेल) आहेत ते आधी मोजायचं आणि त्या मोजणीवरून रंगांच्या हद्दी ठरवायच्या. रंग त्यानंतर निवडायचे.

उंचीचा डेटा आणि शहरातून जाणारा जोड

सुरुवातीला एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या उंची-मोजणीचा डेटा सोयीचा. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर अवकाशयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने ही उंची मोजली. एक सेकंदाच्या (अंशाच्या ३६०० व्या भागाच्या) अंतराने म्हणजे सुमारे ३० मीटरला एक आकडा मिळतो. एक फाइल एक अंश रुंद, एक अंश उंच, ३६०१ गुणिले ३६०१ आकड्यांची असते आणि तिचं नाव नैऋत्य कोपऱ्यावरून पडतं. नाशिक जिल्ह्यासाठी चार फाइली लागतात: उत्तर १९ पूर्व ७३, उत्तर १९ पूर्व ७४, उत्तर २० पूर्व ७३ आणि उत्तर २० पूर्व ७४.

या चार फाइली सुट्या ठेवून रंगवू नका. प्रत्येक फाइलची किमान-कमाल उंची वेगळी, त्यामुळे तोच ६०० मीटर एका फाइलीत पिवळा तर शेजारच्या फाइलीत हिरवा निघतो. नाशिकच्या बाबतीत हे फारच डोळ्यांत भरतं, कारण २० अंश अक्षांश थेट शहरातून जातो. पंचवटी वरच्या फाइलीत, नाशिक रोड खालच्या फाइलीत, आणि मधोमध पट्टीने आखल्यासारखी रंगांची फट. ती रेघ दिसली की समजायचं, फाइली जोडायच्या राहिल्या आहेत.

म्हणून पुढचा क्रम पाळा.

१. रास्टर मेनूतल्या मिसलेनियसमध्ये मर्ज घेऊन चारही फाइलींची एक करा. रिकाम्या जागांचा आकडा उणे ३२७६८ असतो. तो नोडेटा, म्हणजे ‘इथे आकडाच नाही’, म्हणून इथेच सांगून टाका.

२. वार्प घेऊन प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची रीत) मीटरमध्ये मोजणारं यूटीएम ४३ उत्तर करा, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. रीसँपलिंगसाठी, म्हणजे नव्या चौकटींत आकडे बसवण्यासाठी, बायलिनियर निवडा. ते शेजारच्या आकड्यांची सरासरी घेतं. उंचीला हेच योग्य. जमीन-वापरासारख्या वर्गांच्या डेटाला मात्र सर्वांत जवळचा आकडा जसाच्या तसा घेणारं निअरेस्ट नेबरच हवं, नाहीतर वर्ग ३ आणि वर्ग ५ यांच्या मधोमध कुठेच नसलेला वर्ग ४ जन्माला येतो.

३. जिल्ह्याच्या हद्दीने कापा. रंगपट्टी काढण्याआधी कापायचं, नंतर नाही.

तिसऱ्या पायरीचा क्रम बहुतेक जण उलटा करतात. चार फाइलींच्या चौकोनात नैऋत्येला कल्याण, भिवंडी आणि समुद्रसपाटीच्या आसपासची सगळी जमीन येते. न कापता मोजणी केली तर पट्टीचा खालचा भाग कल्याण-भिवंडीसाठी खर्च होतो, जे तुमच्या नकाशात दिसणारही नाहीत.

इस्रोच्या भुवन पोर्टलवरचा कार्टोडेम हा उंचीचा डेटाही चांगला आहे, पण त्याची उंची डब्ल्यूजीएस ८४ या लंबवर्तुळाकार गोलापासून मोजलेली असते, तर एसआरटीएमची समुद्रसपाटीसारख्या पृष्ठापासून. आपल्या भागात दोन्हींत पन्नासहून अधिक मीटरचा फरक पडतो. एकाच्या हद्दी दुसऱ्याला लावल्या की सगळं पठार एक-दोन रंगांनी सरकतं.

मोजणी

कापलेला जिल्हा साडेपंधरा हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ३० मीटरचे सुमारे पावणेदोन कोटी पिक्सेल. आकडा मोठा वाटतो, पण उंची पूर्ण मीटरमध्ये असल्याने वेगवेगळे आकडे फार तर दीड हजारच आहेत. प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये रास्टर लेयर युनिक व्हॅल्यूज रिपोर्ट नावाचं साधन आहे. ते चालवून तक्ता सीएसव्ही म्हणून साठवा. त्यात प्रत्येक उंचीसमोर ती उंची असलेल्या पिक्सेलची संख्या मिळते.

तक्ता एक्सेल किंवा लिब्रेऑफिसमध्ये उघडून आधी उंचीच्या चढत्या क्रमाने लावा. पहिल्या स्तंभात उंची, दुसऱ्यात संख्या. तिसऱ्या स्तंभात चालू बेरीज घ्या: वरच्या ओळीची बेरीज अधिक या ओळीची संख्या. चौथ्यात त्या बेरजेला एकूण पिक्सेलने भागा. झालं. चौथ्या स्तंभात ०.१, ०.२, ०.३ असे आकडे ज्या ओळींपाशी येतात, तिथली उंची टिपून घ्या. या नऊ उंचींनी जिल्ह्याचे दहा सारख्या क्षेत्रफळाचे तुकडे होतात, प्रत्येकात सुमारे सतरा लाख पिक्सेल.

क्यूजीआयएसच्या मोड यादीत क्वांटाइल (समान संख्येचे वर्ग) निवडलं तर हेच काम एका क्लिकमध्ये होतं. तरीही पहिल्या वेळी तक्ता हाताने कराच. कुठे आकडे दाटले आहेत आणि कुठे विरळ आहेत हे त्या चालू बेरजेत जसं कळतं, तसं तयार पट्टीवरून कळत नाही.

पावसाचं छोटं उदाहरण

रीत नीट समजण्यासाठी वीस चौकटींचं उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, मोजलेले नाहीत. पण इगतपुरी-त्र्यंबककडे मुसळधार आणि येवला-नांदगावकडे तुटपुंजा, हा जिल्ह्याचा स्वभाव त्यात आहे. पाऊस मिलीमीटरमध्ये, चढत्या क्रमाने:

४६०, ४८०, ४९०, ५१०, ५२०, ५३०, ५५०, ५६०, ५८०, ६००, ६४०, ६९०, ७५०, ८४०, ९८०, १२००, १६००, २१००, २७००, ३२००.

पाच समान अंतराचे वर्ग करू. ३२०० वजा ४६० म्हणजे २७४०, भागिले ५ म्हणजे ५४८. हद्दी पडतात १००८, १५५६, २१०४, २६५२. आता चौकटी मोजा: पहिल्या वर्गात १५, दुसऱ्यात १, तिसऱ्यात २, चौथ्यात शून्य, पाचव्यात २. वीसपैकी पंधरा चौकटी एकाच रंगात, आणि एक रंग तर कुठेच वापरला गेला नाही.

आता मोजणीप्रमाणे चार-चार चौकटींचे वर्ग करा. हद्दी येतात ५१० आणि ५२० च्या मध्ये, ५६० आणि ५८० च्या मध्ये, ६९० आणि ७५० च्या मध्ये, १२०० आणि १६०० च्या मध्ये. साधारण ५१५, ५७०, ७२०, १४००. नकाशाची सूची वाचणाऱ्याला असले आकडे नकोत, म्हणून ५००, ५७५, ७००, १४०० करा. वर्गांत चौकटी होतात ३, ५, ४, ४, ४. काटेकोर समानता गेली, पण वाचता येणारी सूची मिळाली. हा सौदा नेहमी करावा.

इथेच थांबलात तर मात्र उलटी चूक होते, आणि ती जास्त फसवी आहे. या पट्टीत ५६० आणि ५८० वेगळ्या रंगात आहेत, आणि १६०० व ३२०० एकाच रंगात. वीस मिलीमीटरच्या फरकाला रंग मिळाला आणि दुपटीच्या फरकाला नाही. घाटमाथ्यावर काम करणाऱ्याला असा नकाशा निरुपयोगी. म्हणून शेवटचा वर्ग २५०० वर फोडा. सहा वर्ग झाले, चौकटी ३, ५, ४, ४, २, २. मोजणीतून हद्दी काढायच्या, मग जिथे आकडे दूरदूर पसरले आहेत तिथे हाताने एखादी हद्द घालायची. शुद्ध समान अंतर आणि शुद्ध समान संख्या या दोन्हींपेक्षा ही मिश्र पट्टी जवळजवळ नेहमीच सरस ठरते.

उंचीलाही तेच. मोजणीत मधल्या हद्दी पाचशे-सहाशेच्या पट्ट्यात एकमेकींना खेटून येतील आणि सर्वांत वरचा वर्ग एकटाच शेकडो मीटर व्यापेल. पूर्णांक करून ३००, ५००, ५५०, ६००, ६५०, ७५०, १००० अशा धाटणीच्या हद्दी घ्या. आठ वर्ग होतात. खाली पेठ-सुरगाण्याचा घाटाखालचा भाग सुटा दिसतो, वर डोंगररांगा सुट्या दिसतात, आणि पठाराला चार-पाच रंग मिळतात. आठापेक्षा जास्त वर्ग करू नका. सूचीतला रंग नकाशात शोधताना डोळा त्यापुढे चुकतो.

रंग भरणं

कमी-जास्त दाखवायचं असेल तर रंग फिक्याकडून गडदाकडे सलग जायला हवेत. पावसासाठी फिक्या पिवळ्यातून गडद निळ्यात जाणारी, कलरब्रुअर या तयार रंगपट्ट्यांच्या संग्रहातली पट्टी विश्वासू आहे. वरच्या सहा वर्गांना ती अशी बसते. प्रत्येक ओळीत हद्द, मग लाल, हिरवा, निळा, अपारदर्शकता आणि शेवटी सूचीतला मजकूर:

५००,२५५,२५५,२०४,२५५,५०० पर्यंत
५७५,१९९,२३३,१८०,२५५,५०१ ते ५७५
७००,१२७,२०५,१८७,२५५,५७६ ते ७००
१४००,६५,१८२,१९६,२५५,७०१ ते १४००
२५००,४४,१२७,१८४,२५५,१४०१ ते २५००

सहावी ओळ उघड्या वर्गाची. हद्दीच्या जागी क्यूजीआयएस अनंतासाठी वापरतं तो इन्फ हा शब्द, मग ३७, ५२, १४८, २५५ आणि मजकूर ‘२५०० च्या वर’.

ही फाइल कोऱ्या पानावरून टाइप करू नका. लेयर प्रॉपर्टीजमधल्या सिंबॉलॉजीत सिंगलबँड स्यूडोकलर निवडा, इंटरपोलेशन डिस्क्रीट (प्रत्येक वर्गाला एकच सपाट रंग) करा, सहा वर्ग करा आणि एक्स्पोर्ट कलर मॅपने फाइल बाहेर काढा. फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळी आपोआप नीट येतात. तुम्ही फक्त आकडे बदलायचे, तेही इंग्रजी अंकांत. देवनागरी अंक सॉफ्टवेअर वाचत नाही. स्वल्पविरामाने स्तंभ सुटे होतात, म्हणून मजकुरात २,५०० न लिहिता २५०० लिहा. मग त्याच खिडकीतून फाइल परत लोड करा.

डिस्क्रीटमध्ये ओळीतला आकडा वर्गाची वरची हद्द असतो. ५७५ ची ओळ म्हणजे ५७५ आणि त्याखालचं, आधीच्या हद्दीपर्यंत. नवशिके तिथे खालची हद्द लिहितात आणि सगळा नकाशा एका वर्गाने सरकतो. नकाशा दिसतो ठीकच, म्हणून चूक लवकर सापडत नाही. आयडेंटिफाय साधनाने तीन-चार जागी क्लिक करून आकडा आणि रंग जुळतात का ते बघा.

उंचीसाठी हिरवा-पिवळा-तपकिरी ही शाळेच्या ॲटलासमधली पट्टी हाताशी येतेच, पण नाशिकमध्ये ती दिशाभूल करते. सखल भागाला हिरवा रंग दिला की गिरणेच्या खोऱ्यातलं मालेगाव आणि नांदगाव हिरवंगार दिसतं, आणि वाचणारा त्याचा अर्थ झाडी किंवा बागायत असा लावतो. फिक्या राखाडीतून तपकिरीत जाणारी पट्टी, किंवा व्हिरिडिससारखी उजळपणा सारख्या पायऱ्यांनी बदलणारी पट्टी घ्या. इंद्रधनुषी पट्टी टाळा. तिच्यातला पिवळा मध्येच चमकतो आणि डेटात नसलेली कड नकाशात दिसू लागते.

लाल-हिरव्यातला फरक न दिसणारे लोक तुमच्या वाचकांत असतातच. व्ह्यू मेनूतल्या प्रिव्ह्यू मोडमध्ये रंगांधत्वाचं आणि राखाडी छटांचं पूर्वदर्शन मिळतं. राखाडीत शेजारचे दोन वर्ग एक झाले, तर झेरॉक्समध्येही एक होणार.

रंग आपोआप बदलतात तेव्हा

नकाशा मोठा-लहान केला की रंग पालटतात, ही नेहमीची तक्रार. सिंबॉलॉजीत मिन-मॅक्स सेटिंग्जखाली स्टॅटिस्टिक्स एक्स्टेंट असतं. तिथे अपडेटेड कॅनव्हास असेल तर पडद्यावर दिसतं तेवढ्याच भागाचे किमान-कमाल घेतले जातात. होल रास्टर करा आणि अचूकता एस्टिमेटऐवजी ॲक्च्युअल ठेवा. एस्टिमेट नमुन्यावरून अंदाज बांधतं, त्यात साल्हेरचा माथा सहज निसटतो. क्युम्युलेटिव्ह काउंट कट २ ते ९८ टक्के असेल तर दोन्ही टोकं मुद्दामच कापलेली असतात.

कळसूबाईवर क्लिक केल्यावर १६४६ न येता थोडं कमी आलं तर घाबरू नका. ३० मीटरच्या चौकटीत माथा आणि उतार यांची सरासरी होते, टोकदार शिखरं थोडी बसकीच दिसतात.

हिलशेड (डोंगरांच्या सावल्या दाखवणारा थर) घालायचं असेल तर मल्टिप्लाय ब्लेंडिंग वापरा, पण हलकं. सावलीच्या बाजूचा रंग गडद होतो आणि सूचीतल्या पुढच्या वर्गासारखा भासतो. हिलशेडची अपारदर्शकता ३० ते ४० टक्क्यांच्या वर नेऊ नये असं आमचं मत. वार्पची पायरी गाळली असेल तर हिलशेड काळंठिक्कर येतं, कारण आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये असते.

पावसाच्या ग्रिडमधला उणे ९९९

भारतीय हवामान विभागाचा दैनंदिन पावसाचा ग्रिड (चौकटींच्या जाळीत मांडलेले आकडे) १९०१ पासूनचा आहे, पाव अंशाच्या चौकटींचा. पूर्व-पश्चिम १३५ आणि उत्तर-दक्षिण १२९ चौकटी. नाशिक जिल्ह्यावर त्यातल्या वीस-बावीसच पडतात. रिकाम्या चौकटीत उणे ९९९ असतं.

नोडेटा न सांगता पट्टी काढली तर किमान आकडा उणे ९९९ धरला जातो आणि पट्टीचा मोठा भाग अस्तित्वात नसलेल्या पावसावर जातो. हे सहज पकडता येतं. पकडायला अवघड आहे ती बेरीज. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. रोजच्या आकड्यांची बेरीज आधी केली आणि नोडेटा नंतर सांगितला, तर रिकाम्या चौकटीत उणे १,२१,८७८ येतं. आता उणे ९९९ ला नोडेटा म्हटलं तरी काही गळत नाही. नोडेटा बेरजेच्या आधी सांगायचा.

दुसरं, ग्रिडमधले अक्षांश-रेखांश चौकटीच्या मध्याचे आहेत. ते कोपऱ्याचे समजले तर सगळा पाऊस ०.१२५ अंश, म्हणजे जवळपास १४ किलोमीटर सरकतो. घाटाच्या एवढ्या अरुंद पट्ट्यात हे अंतर फार झालं. तिसरं, चौकटी गुळगुळीत दिसाव्यात म्हणून रीसँपलिंग लावू नका. सत्तावीस किलोमीटरच्या चौकटीत जे मोजलेलंच नाही ते तपशीलवार दिसू लागतं. चौकटी चौकटीसारख्याच दिसू द्या.

एका दिवसाच्या पावसात अनेक चौकटी शून्य असतात. तशीच मोजणी केली तर पहिल्या तीन-चार हद्दी सगळ्या शून्यावर पडतात. शून्याला वेगळा फिका राखाडी द्या आणि उरलेल्या चौकटींचीच मोजणी करा.

जीएमटी वापरणाऱ्यांसाठी

पॉल वेसेल आणि वॉल्टर स्मिथ यांनी १९८८ मध्ये सुरू केलेल्या जीएमटी या आज्ञा लिहून नकाशे करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालू बेरजेचं हे काम करणारी आज्ञा आहे: जीआरडी-टू-सीपीटी. ग्रिड आणि मूळ रंगपट्टी द्यायची, ती चालू बेरजेवरून हद्दी ठरवून सीपीटी, म्हणजे रंगपट्टीची, फाइल देते. दोन वर्षांची तुलना करायची असेल तर दोन्ही ग्रिड एकाच आज्ञेत द्या आणि निघालेली एकच पट्टी दोन्ही नकाशांना लावा. वेगवेगळ्या पट्ट्यांचे दोन नकाशे शेजारी ठेवले की दुष्काळाचं वर्षही चांगल्या वर्षासारखं निळं दिसतं. ही आज्ञा प्रत्येक चौकट सारख्या आकाराची धरते. एका जिल्ह्यापुरतं ते चालतं. अख्ख्या देशाच्या अक्षांश-रेखांशी ग्रिडमध्ये मात्र काश्मीरची चौकट कन्याकुमारीच्या चौकटीहून पंधरा ते वीस टक्के लहान असते, तेव्हा आधी समक्षेत्र प्रक्षेपण करा.

जिथे आकड्यांवरून पट्टी काढूच नये

वर्ग आधीच ठरलेले असतील तर ते मोडू नका. हवामान विभाग दिवसाला ६४.५ मिलीमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून अत्यंत जोरदार पाऊस म्हणतो. सरासरीशी तुलना करताना उणे १९ ते अधिक १९ टक्के सर्वसाधारण, उणे २० ते उणे ५९ तूट, अधिक २० ते अधिक ५९ जास्त. अशा नकाशात मध्ये पांढरट, एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला निळा, आणि शून्य बरोबर मध्यावर. तुमच्या डेटात कमाल अधिक ३५ आणि किमान उणे ७० असली तरी पट्टी उणे ७० ते अधिक ७० अशीच घ्या. एकीकडचे गडद रंग वापरले न गेले तरी हरकत नाही. जिल्ह्यात कुठेच मोठी अधिकता नव्हती, हे त्या न वापरलेल्या निळ्यावरूनच वाचणाऱ्याला कळतं.

छापायला देण्याआधी सूचीखाली एक ओळ घाला: डेटा कुठला, कोणत्या वर्षाचा, हद्दी कशा काढल्या. ‘हद्दी चौकटींच्या संख्येवरून काढून पूर्णांक केल्या, २५०० ची हद्द हाताने घातली’ एवढं पुरे. आणि रंगपट्टीची फाइल नकाशाच्याच फोल्डरमध्ये, वर्ष नावात घालून ठेवा. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच लागणार आहे.